सात उद्गार, चौदा वक्ते

उत्तम शुक्रवारच्या सात उद्गारांसाठी मी चौदा वक्ते नेमले. चूक माझी. तीत कमिटीचा, सैतानाचा किंवा मोबाईलचा काही हात नव्हता.

ज्यांना आमच्याकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी पाळक आहे. आमच्या मराठी प्रोटेस्टंट लोकांत फादर नसतो, पाळक असतो, आणि त्याला घरी जाब विचारणारी बायको असते. चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात. उत्तम शुक्रवार म्हणजे कॅलेंडरातला गुड फ्रायडे. येशू क्रुसावरून सात वेळा बोलला, ते सात उद्गार. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. एकेका उद्गारावर एकेक जण वीस मिनिटं बोलतो, मध्ये गीतं होतात. बहुतेक लोक उपाशी असतात. पंखे फिरतात, पण ते स्वतःपुरतेच. अशा वेळी सात वक्ते ही माणसाच्या सहनशक्तीची हद्द आहे. चौदा म्हणजे संध्याकाळचे सहा वाजले असते आणि आणखी दोनचार अंत्यविधी मला करावे लागले असते.

गिरगावातल्या या मंडळीत मला येऊन दीड वर्ष झालं होतं. आल्यापासून कमिटीचं एकच पालुपद होतं, ‘‘पाळकसाहेब, तरुणांना धरून ठेवा.’’ तरुण लोअर परळला जायला लागले होते. तिथे एका भाड्याच्या हॉलमध्ये इंग्रजी उपासना भरते. एसी असतो, ड्रम असतात, नंतर कॉफी मिळते. आमच्याकडे पेटी आहे. तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही, वाजवणाऱ्याला ती गाण्यात मध्येच बोटाने उचलावी लागते.

मी बरेच उपाय केले. तरुण संघाचा ग्रुप काढला. त्यावर रोज सकाळी मी वचन टाकायचो आणि तरुण रोज सकाळी जोडलेले हात टाकायचे. कॅरमच्या मॅचेस ठेवल्या. त्या मीच जिंकलो. मुद्दाम हरावं, तेवढंही मला कळलं नाही.

शेवटी ईस्टरआधीच्या उपवासकाळात, दुसऱ्या रविवारी, मी तरुण संघाची मीटिंग बोलावली. नऊ जण आले. मी म्हणालो, ‘‘मंडळीच्या कामात तुमचा सहभाग वाढायला हवा.’’

एस्तेर मागे बसली होती. लालबागला राहते, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, परळच्या एका हॉस्पिटलात ड्युटी करते. ती म्हणाली, ‘‘आमचा सहभाग म्हणजे काय ते सांगू? खुर्च्या लावा. खुर्च्या उचला. प्रोजेक्टर चालत नाही, जरा बघ गं. नाताळच्या नाटकात मी सात वर्षं मेंढपाळ होते. एक वाक्य नाही मिळालं.’’

‘‘मग काय हवंय तुम्हाला?’’

‘‘बोलायला हवंय. लोकांसमोर. उपासनेत.’’

समोर नऊ तरुण बघतायत म्हटल्यावर मला जोर चढला. ‘‘ठीक आहे! यंदा उत्तम शुक्रवारचे सातही उद्गार तुमचे!’’

लगेच चिठ्ठ्या टाकल्या. एस्तेरला पाचवा आला, ‘मला तहान लागली आहे’ हा. तिने चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमध्ये घातली आणि विचारलं, ‘‘नक्की ना? कारण हे पण फिसकटलं ना, तर मी खरंच लोअर परळला जाणार. मग नका म्हणू तरुण टिकत नाहीत.’’

‘‘पाळकाचा शब्द आहे,’’ मी म्हणालो.

आता त्या मीटिंगच्या आधीच्या रविवारची गोष्ट. आमचे सेक्रेटरी दर आठवड्याला जाहिरातींचा कागद देतात. जाहिराती म्हणजे साबणाच्या नव्हेत. कुणाचं लग्न, कुणाची शोकसभा, कुठली मीटिंग, हे उपासनेत वाचून दाखवायचं असतं. मी तो कागद आधी कधी वाचत नाही. थेट माईकवर वाचतो, म्हणजे मंडळीबरोबर मलाही बातम्या ताज्या मिळतात. त्या कागदावर दरवर्षीचं वाक्य होतं : सात उद्गारांच्या नेहमीच्या वक्त्यांनी तयारीला लागावे. ते मी खणखणीत आवाजात वाचलं आणि विसरलो. या मंडळीत उद्गारांसाठी कुणाला वेगळं आमंत्रण जात नाही. एकदा उद्गार मिळाला की तो माणसाचा होतो, रेशनकार्डावर नाव चढावं तसा. गेल्या वर्षीचे वक्ते कमिटीने त्या वर्षापुरते नेमले असं मी समजत होतो; खरं मला कुणी सांगितलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

मला कळलं झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे सगळे झावळ्या घेऊन येतात त्या, उत्तम शुक्रवारच्या पाच दिवस आधी. उपासना सुटली, मी दारात उभा राहून हात मिळवत होतो. शांतवनकाका साळवे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, कॉटन ग्रीनला चाळीत राहतात.

‘‘सलाम, पाळकसाहेब. पाचव्याची तयारी झाली बरं का.’’

‘‘कसल्या पाचव्याची?’’

‘‘अहो, उद्गाराची! आणखी कसल्या? वेतन आयोगाच्या?’’

शांतवनकाका एकतीस वर्षं पाचव्या उद्गारावर बोलत होते. त्याआधी त्यांचे वडील बोलायचे. माझ्या हातातली झावळी खाली पडली. काकांनीच ती वाकून उचलून दिली.

घरी येऊन मी शीलाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘दोघांपैकी एकाला खरं सांगा. आणि उद्याच्या उद्या सांगा.’’

सोमवारी मी कॉटन ग्रीनला गेलो. काकांना सांगायचं ठरवलं होतं : यंदा तरुणांना संधी देऊ या. काकांच्या पत्नी, मार्थाकाकू, यांनी कोकम सरबत दिलं. उपवासकाळात त्यांच्याकडे चहा बंद असतो.

‘‘जानेवारीपासून आरशासमोर उभे राहून बोलतायत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मला वाटायचं दाढी करतायत.’’

काकांनी वडिलांची वही काढून दाखवली. कापडी बांधणीची, कडा झिजलेल्या. म्हणाले, ‘‘डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहायला मनाई केलीय. पण त्या दिवशी मला खुर्ची देऊ नका हं. बसून नाही बोलायचा मी.’’

मी दोन ग्लास सरबत प्यालो, ‘‘छानच होणार, काका,’’ म्हणालो आणि घरी आलो.

मंगळवारी परळला गेलो. एस्तेरची ड्युटी सुटायच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटवर उभा राहिलो. तिला सांगायचं ठरवलं होतं : उद्गाराऐवजी ईस्टरच्या पहाटे शास्त्रपाठ वाच.

‘‘बरं झालं आलात,’’ ती म्हणाली. ‘‘शुक्रवारची ड्युटी बदलून मिळाली. तीन नाइट केल्या त्याच्यासाठी. मम्मी म्हणते, काकू-मामा सगळे येणारेत ऐकायला.’’

‘‘अरे वा. किती मिनिटांचं लिहिलंयस?’’ असं मी विचारलं. रविवारपर्यंत मी दोघांना नकळत फसवत होतो. सोमवारपासून समजूनउमजून फसवायला लागलो.

शीलाने त्या दिवशी जेवताना माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. माझ्या घरात ही सर्वांत कडक शिक्षा आहे.

बुधवारी संध्याकाळी सहाला वक्त्यांनी माईक तपासायला यायचं होतं. हेही जाहिरातींच्या कागदावर होतं आणि तरुण संघाच्या ग्रुपवरही. मी वेदीमागच्या छोट्या खोलीत होतो. प्रार्थना करत होतो असं कमिटीला सांगितलं आहे. खरं म्हणजे लपलो होतो. माईक चालू होता, त्यामुळे पुढचं सगळं मला स्पीकरवर ऐकू आलं.

‘‘बाळ, जरा बाजूला हो. मला उंची बघायचीय माईकची.’’

‘‘एक मिनिट काका, माझं होऊ दे. पाचवा उद्गार माझाय.’’

‘‘पाचवा? पाचवा माझा आहे.’’

‘‘नाही हो. ही बघा चिठ्ठी.’’

मग चिठ्ठी उलगडल्याची खरखर. मग दोन्ही आवाज एकदम : ‘‘पाळकसाहेब!’’

मी बाहेर आलो. सगळं कबूल केलं. उभ्याने.

काका म्हणाले, ‘‘परवा माझ्या घरी दोन ग्लास सरबत प्यालात. तेव्हा तोंडात काय होतं?’’

‘‘सरबत,’’ एस्तेर म्हणाली.

‘‘धीर झाला नाही,’’ मी म्हणालो.

‘‘आणि काल गेटवर?’’ तिने विचारलं.

‘‘तेव्हाही नाही झाला.’’

काकांनी मान वळवली. ‘‘तुझ्याकडेही आले होते?’’

‘‘हो ना. विचारतात काय, तर किती मिनिटांचं लिहिलंयस.’’

‘‘मला म्हणाले, छानच होणार.’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन्ही चेहऱ्यांवर एकच भाव होता. दीड वर्ष मी म्हाताऱ्यांना आणि तरुणांना एका बाकावर बसवायचा प्रयत्न करत होतो. आता ते दोघं पहिल्या बाकावर शेजारीशेजारी बसले. मला बसायला कुणी सांगितलं नाही.

काका तिला म्हणाले, ‘‘तू काय बोलणार होतीस? ऐकव. बरं नसलं तर तोंडावर सांगेन.’’

एस्तेरने कागद काढला नाही. म्हणाली, ‘‘आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. ऑपरेशन झालेलं. पाणी द्यायचं नाही अशी ऑर्डर. ते दिवसभर पाणी मागत होते. मी फक्त कापूस ओला करून ओठांना लावत होते. शेवटी त्यांनी मला शिव्या दिल्या. मी रडले आणि पुन्हा कापूस लावला. मला एवढंच सांगायचंय. तहानलेल्या माणसाजवळ उभं राहायचं आणि पाणी देता येत नाही, हे कसं असतं.’’

काकांनी वही उघडली, दोन पानं उलटली, मिटली. ‘‘माझ्या वहीत यातलं काही नाही.’’

‘‘मग काय आहे?’’

‘‘मूळ ग्रीक शब्द आहे. वडिलांनी नगरच्या पाळकांकडून उतरवून घेतलेला.’’

‘‘काका, तुम्हाला स्वतःला कधी तहान लागली होती का? तशी?’’

मला वाटलं आता ते रागावणार. ते वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

‘‘लहानपणी. गावाकडं. विहिरीला आम्हाला हात लावू देत नव्हते. ओंजळ धरून उभं राहायचं. कुणी वरून ओतलं तर प्यायचं. एकदा दुपारभर उभा होतो. बाया येत होत्या, हंडे भरून जात होत्या.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. घरी गेलो.’’

‘‘हे तुम्ही इथे कधीच सांगितलं नाहीत?’’

‘‘एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. आणि वहीत नव्हतं.’’

पुढे माझं काही काम उरलं नाही. पाचवा उद्गार दोघांनी मिळून घ्यायचा ठरवला, दहा मिनिटं काका, दहा मिनिटं एस्तेर. मग पाचवा असा, तर बाकीचे का नाही? एस्तेरने मोबाईलवर जोड्या लिहायला घेतल्या. कुठल्या म्हाताऱ्याशी कुणाचं जमेल ते काका सांगत होते. एक ज्येष्ठ सभासद फोनवर म्हणाले, मी पोरासोरांबरोबर उभा राहणार नाही. काकांनी फोन हातात घेतला. ‘‘मी राहतोय उभा. तू माझ्यापेक्षा मोठा झालास काय रे?’’ तो प्रश्न तिथेच मिटला.

शेवटी वेळेचा हिशेब आला. उद्गार, गीतं, प्रार्थना धरून तीन तास भरत होते, वर पंचवीस मिनिटं जास्त होत होती.

‘‘ही कसली?’’ काकांनी विचारलं.

‘‘पाळकसाहेबांचं प्रास्ताविक.’’

‘‘काढ.’’

तिने काढलं. मी आक्षेप घेण्याच्या अवस्थेत नव्हतो.

शुक्रवारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. पहिले चार उद्गार सुरळीत गेले. कुणी लांबलं की जोडीदार हळूच कोट ओढत होता. पाचव्याला काका वही बाकावर ठेवून उठले. विहिरीची गोष्ट सांगितली, माझ्यासमोर सांगितली होती तेवढीच, एक शब्द वाढवला नाही. मध्येच त्यांचे पाय थरथरायला लागले. मी खुर्ची घेऊन अर्धा उठलो. एस्तेरने नजरेने मला खाली बसवलं आणि त्यांच्या कोपराखाली हात धरला, वॉर्डात धरतात तसा, कुणाला फारसं दिसणार नाही असा. तिचं बोलणं सुरू झालं तरी तो हात तिथेच होता, आणि काकाही तिथेच उभे होते. तिची मम्मी पदर तोंडाशी धरून बसली होती. पाचवं गीत सुरू करायचं आहे हे पेटीवाल्याच्याही लक्षात राहिलं नाही.

तीनला चार मिनिटं कमी असताना उपासना संपली. माझ्या खांद्यांवरून धान्याचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटलं. पाच दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

एस्तेर लोअर परळला गेली नाही. जोड्यांची पद्धत कमिटीने ठरावात घातली. ठरावात कल्पना पाळकांची असल्याचं लिहिलं आहे. मी दुरुस्ती सुचवली नाही. जाहिरातींचा कागद मी आता आदल्या दिवशी वाचतो. आणि तरुणांना काम द्यायचं असेल तर ते म्हाताऱ्यांना न सांगता त्यांच्या हातून काढून द्यायचं नसतं, एवढं मला समजलं. दोघांना एकत्र बसवून पाळकाने खोलीत जाऊन बसलं तरी चालतं, फक्त माईक बंद करून.

त्या शुक्रवारी दारात हात मिळवताना मार्थाकाकू थांबल्या. डोळे पुसलेले होते.

‘‘पाळकसाहेब, एवढ्या वर्षांत इतकी चांगली उपासना झाली नव्हती.’’

‘‘देवाची कृपा, काकू.’’

‘‘ती तर दरवर्षी असते. यंदा तुम्ही बोलला नाहीत.’’