सॅमसनची गाठ

“डावा दे गो. उजवा काय, सगळेच देतात!”

दुबईपलीकडच्या फुजैरा बंदरावरच्या आमच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी अंकलनी माझा उजवा हात असा परत पाठवला. ते अलिबागकडचे बेने इस्राएल, मी वसईची. लहानपणी ते ज्यू मुलांच्या स्काऊट पथकात होते. अशी पथकं देशोदेशी आहेत आणि सगळीकडे डावाच हात मिळवतात, हे त्यांनी त्या आठवड्यात मला तीनदा तरी सांगितलं असेल. तुम्हालाही भेटली असतील अशी माणसं, शाळेतून कधी बाहेरच न पडलेली.

सुटीला गावी निघालेल्या कुणाचंही खोकं अंकलच बांधत. त्यांच्या गाठीपुढे कस्टमवालेही हात टेकत. फक्त शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत ते दोराला शिवत नसत. “शब्बाथला गाठ नाय. खलास.”

माझं विमान नेमकं शनिवारी. मी त्यांच्या खणातला एक जुना दोर काढला. त्याला आठ गाठी. एक सुटेपर्यंतच नखं तुटली, म्हणून दोर परत ठेवला आणि चिकटपट्टीवर भागवलं.

सुटीहून परतले, तर अंकलनी तो दोर माझ्यापुढे धरला.

“ही कुणी सोडली?”

“मी. का हो?”

अंकलनी सांगितलं, पथकाच्या शेवटच्या कॅम्पला त्यांच्यासकट आठ मुलांनी एकेक गाठ मारली होती. पुन्हा जमू तेव्हा ज्याने त्याने आपली सोडायची. पुढे सात जण इस्राएलला गेले. दुबईहून तिकडे थेट विमानं सुरू झाली, तेव्हा अंकलनी मीना बाजारातून कापड आणून आठ स्कार्फ शिवून घेतले. पण कधी कुणाचा गुडघा, कधी नातीचं लग्न, कधी लढाई.

मला रडूच फुटलं.

“रडू नको गो. ती सॅमसनची. तो गेला गेल्या वर्षी. त्याची आता सोडायची कुणी, तेच मला कळत नव्हतं.”

अंकलची नोकरी संपली, व्हिसा संपला. त्या सहांपैकी कुणीच आलं नाही. निघताना अंकलनी दोर पुढे केला. “सॅमसनच्या जागी तू मार. म्हणजे सोडायला अलिबागला यायलाच लागेल.”

मी मारली, वेडीवाकडी. डावा हात मिळवून ते गेले.

दर सुटीत “इन्शाल्ला, ह्या वेळी नक्की” म्हणत मी टाळत राहिले. जायला हवं होतं. वसईहून अलिबाग ते कितीसं!

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. डॅडी गेले. खुंटीला आठ गाठींचा दोर आहे. त्यातली एक अगदीच अडाणी, ती कुणाची?

“माझी,” मी म्हटलं. “सोडू नकोस. मी येते.”