बाराव्या पडद्यावरचा स्वर

आमच्या गल्लीच्या टोकाला वाद्यं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. सगळे त्याला 'कानवाले' म्हणतात, कारण स्वर मोजायचं यंत्र त्याने दुकानात कधी येऊ दिलं नाही. त्याच कानाबद्दल परवा त्याला पहिल्यांदा शंका आली.

बेकरीत पीठ मळणारी बाई तिची बेस गिटार घेऊन तिसऱ्यांदा दारात उभी होती.

"काका, मोकळी तार बरोबर बोलते. दांडीवरच्या बाराव्या पडद्याच्या पट्टीवर दाबली की स्वर हवा त्यापेक्षा चढतो. दोनदा दुरुस्त केलीत की बिघडवलीत?"

कानवाल्याने गिटार मांडीवर घेतली. मोकळी तार छेडली, मग बाराव्या पडद्यावर बोट ठेवून तीच तार. तोच स्वर, फक्त वरच्या सप्तकातला. केसाइतकाही फरक नाही.

"बरोबर आहे गं."

"कुठे बरोबर? बँडवाले म्हणतात, परवापर्यंत नीट कर, नाहीतर आम्ही वाजवायला दुसरं कुणी बघतो."

आतून बायको ओरडली, "अहो, मी कधीची हाक मारतेय! ऐकू येणं बंद झालं का?"

ती गमतीने बोलली, पण त्याने तार पुन्हा एकदा छेडून पाहिली. तारा नव्या चढवल्या होत्या. तारा खाली जिच्यावर टेकतात त्या घोडीचा स्क्रू दोनदा फिरवला होता. आता राहिला एक कानच. तो गेला, तर हातात उरलं काय?

"तूच वाजव बघू," तो हळूच म्हणाला.

तिने वाजवली. स्वर चढला. त्यालाही स्पष्ट ऐकू आला. जीव भांड्यात पडला आणि डोकं आणखीच गरगरलं. गिटार तीच, तार तीच. त्याने घेतली की बरोबर, तिने घेतली की चढी. चारदा अदलाबदल झाली. पाचव्यांदा तो ऐकायचं सोडून नुसता बघत बसला. तिच्या बोटाचं टोक दाबून पांढरंफटक पडलं होतं.

"अगं, तार वाजवतेस की मळतेस? इतकी दाबलीस तर ती ताणून स्वर चढणारच."

"हलकं जमतच नाही, काका. वीस वर्षं हेच हात पिठात आहेत."

मग दाबायचं तिने आणि स्क्रू फिरवायचा त्याने. घोडी जरा जरा मागे सरकवत गेला, तेव्हा कुठे तिच्या हातून दोन्ही स्वर जुळले. ती खूश. त्याने स्वतः वाजवून पाहिली, तर स्वर उतरलेला.

"माझ्या हातात चुकतीय ही."

"तुम्हाला कुठे वाजवायचीय?"

तेही खरंच. त्याने गिटार पिशवीत घातली. चेन ओढताना हात मध्येच थांबला.

"बरोबर आहे ना गं?" त्याने विचारलं. आजवर हा प्रश्न गिऱ्हाईकं त्याला विचारत आली होती.