तीन कोर उठेनात

त्या आठवड्याची मला अजून शिसारी येते.

आमचं ऑफिस महापेला. द्रोणागिरीच्या गोदामांच्या गेटवर कंटेनरचे नंबर वाचणारी पेटी असते, तिचा कर्नल, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, आम्ही सांभाळायचो. पेटीत प्रोसेसरचे चार कोर, म्हणजे चार मेंदूच म्हणा. चालू केलं की पहिला उठतो आणि बाकीच्या तिघांना उठवतो. त्या आठवड्यात पहिला हाका मारून दमायचा आणि तिघं ढिम्म.

उठवायचा कोड उलव्याहून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलेला. प्रोबेशनवर होती, शुक्रवारी कायम व्हायची होती. झालं! मंगळवारी मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बेसिक येत नाही आणि कर्नलला हात लावतात." मी मान खाली घालून चहा ढवळत बसलो. ती बिचारी लॅबमध्ये बोर्ड, वायरी, पॉवर, सगळं तपासत राहिली.

गुरुवारी दुपारी मी त्या फाइलमधले जुने बदल चाळले. उठल्यावर कुठून सुरुवात करायची तो पत्ता पहिला कोर लिहून ठेवतो. तो त्याच्या कॅशमध्येच, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, अडकू नये, बाकीच्या तिघांना दिसेल असा मेमरीत उतरावा, म्हणून एक ओळ लागते. तिनं ती लिहिली होती. साहेबांनी काढली होती! गिऱ्हाइकाला डेमोत पेटी पटकन सुरू झालेली दाखवायची होती, म्हणून फालतू दिसलं ते उडवलं. त्या दिवशी नशिबानं चाललंही. आणि खाली मंजुरी कोणाची? माझी. साहेबांचा बदल आमच्याकडे कोण वाचतो हो? आला की क्लिक करायचं आणि जेवायला जायचं.

साहेबांना केबिनमध्ये दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे धड पाहिलंही नाही. "तिला कायम करत नाही, असं एचआरला कळवून झालंय. उकरत बसू नकोस. ओळ टाक आणि मोकळा हो."

शी! पण मी तरी काय केलं? ओळ टाकली. चारही कोर उठले. लॅबमध्ये टाळ्या पडल्या, माझ्या पाठीवर थापा पडल्या.

शुक्रवारी ती बॅग भरून माझ्या टेबलापाशी आली. हातात वही. "सर, माझं नेमकं काय चुकलं, तेवढं सांगा ना. पुढच्या ठिकाणी नाही करणार."

मी म्हणालो, "कॅशची एक ओळ राहून गेली होती."

"मला वाटत होतं, मी टाकली होती," ती पुटपुटली आणि वहीत लिहून घेतलं.