एक दिवा पुरे

“आम्हाला काय, एक दिवा पुरे.” सकाळपासून एकतीस घरांत अर्जवाल्या ताईंनी हेच ऐकलं होतं.

गावकऱ्यांसोबत बसून सौरऊर्जेचा आराखडा करायचा आणि निधीसाठी अर्ज भरून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना सगळेच अर्जवाल्या ताई म्हणत. त्यांची आईसुद्धा फोनवर मुद्दाम तसंच म्हणायची.

निधी देणाऱ्यांची अट होती, मागणी दहा किलोवॉटच्या खाली असेल तर अर्ज परत. रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचा पंप धरूनही ताईंची बेरीज चारावरच अडली होती. मुदत उद्यापर्यंत; हुकलं तर पुढचा अर्ज दोन वर्षांनी. आणि गाव आपलं, पंगतीत ‘आणखी वाढा’ म्हणायला लाजावं तसं विजेला लाजत होतं. जणू ताई ती स्वतःच्या घरून आणणार होत्या!

शिवणमावशींच्या पायरीवर ताईंनी बसकण मारली. बोलता बोलता म्हणाल्या, की शेजारच्या गुरुजींनीही एकच दिवा लिहून दिलाय.

मावशींचं पायमशीन थांबलं. “आणि त्यांचं ते श्वासाचं मशीन कशावर चालवायचं, कंदिलावर? वीज गेली की खुर्चीत बसून असतात, दम कोंडलेला. मला भिंतीतून ऐकू येतं ना.”

ताई तडक गुरुजींकडे गेल्या आणि मावशींना काय लागतं ते विचारलं. गुरुजींनी क्षणभरही विचार केला नाही. “मशीनला मोटर. गुडघा पार गेलाय तिचा. विचारलं तर म्हणते, तेवढाच व्यायाम होतो.”

मग ताई पुन्हा एकतीस दारं फिरल्या. प्रश्न एकच, शेजाऱ्यांना काय लागतं? स्वतःसाठी तोंड न उघडणारी माणसं शेजाऱ्यांसाठी वकिलासारखी बोलू लागली. उन्हं कलेपर्यंत बेरीज बारावर गेली.

सहीला गुरुजी मावशींच्या पायरीशी आले. चष्मा लावून स्वतःची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“हे मशीन माझ्या नावापुढं कुणी चिकटवलं?”

“शेजारणीनं.”

गुरुजींचं बोट यादीवरून फिरू लागलं. “तिची मोटर आहे ना यात?”

“वरच्याच ओळीत.”

“मग ठीक.” त्यांनी वळणदार सही केली. कागद परत देताना विचारलं, “ताई, काही खाल्लंत का?”

“मला काही नको. पाणी पुरे.”

मावशी सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “गुरुजी, तिला काय विचारताय? मला विचारा. सकाळपासून उपाशी आहे ती.”

आणि गुडघ्यावर हात टेकत त्या चुलीकडे निघाल्या.