दादाचं दह्याचं मशीन

दादा गेला त्या दिवशी त्याचं दही मी मोरीत ओतलं.

मी. दुसऱ्या कुणी नाही.

घरात माणूस गेलं की शिजलेलं, भरलेलं सगळं काढून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. बायका वहिनीजवळ बसल्या होत्या. मला रडूच फुटत नव्हतं, म्हणून मी ओटा आवरायला घेतला. पाणी ओतलं, भात काढला, वरण काढलं. मग फ्रिजमधला स्टीलचा छोटा डबा. आत काय आहे ते नीट पाहिलंसुद्धा नाही. घासून पालथा घातला.

चौथ्या दिवशी चहाचं दूध तापवताना वहिनी म्हणाली, "ताई, यांचं विरजण कुठे ठेवलंत हो?"

माझी नजर ओट्यावरच्या त्या पालथ्या डब्याकडे गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. ते विरजण आमच्या आईचं. तिनं घोटीहून, माहेरून आणलेलं. रोज दूध विरजायचं, रोज चमचाभर मागे ठेवायचं. आई गेली तेव्हा मी तिच्या पाटल्या घेतल्या आणि दादानं तो डबा घेतला. मी हसले होते त्याला.

दादा सातपूरच्या कंपनीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि सुट्टीच्या सकाळी लॅपटॉपवर ब्लॉकचा गेम खेळायचा. तोच हो, जमीन खणा, लाकूड तोडा, घर बांधा, मशीनमध्ये दोन वस्तू घाला आणि तिसरी बाहेर काढा.

मी जाम पिडायचे. "आठवडाभर मशीन, रविवारी पण मशीनच? कमाल आहे बाबा तुझी!"

एका रविवारी म्हणाला, "चिमे, गेमवाल्यांना एक नवीन मशीन सुचवायचंय. मी सांगतो, तू इंग्रजीत टाईप कर. शाळेत इंग्रजी शिकवतेस ना?"

"कसलं मशीन?"

"दह्याचं."

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. तो मात्र एकदम सीरियस. कंपनीतली ऑपरेशन शीट लिहून द्यावी तसा सांगत होता.

इनपुट एक, दूध. इनपुट दोन, चमचाभर दही. ते पहिलं दही स्वतः बनवता येणार नाही. दुसऱ्या प्लेयरच्या घरी जायचं, दार वाजवायचं, मागून आणायचं. रोज थोडं मागे ठेवलं तर मशीन चालू. सगळं खाऊन टाकलं तर मशीन बंद. परत जा मागायला.

"आणि हे पण लिही, सूर्य मावळला की कुणी विरजण देणार नाही."

"अरे, का देत नाहीत म्हणून विचारतील ते! काय सांगू?"

"दिवेलागणीनंतर आई द्यायची का कुणाला? मग? टाक तसंच."

टाकलं. गेमच्या साईटवर, सूचनांच्या पानावर. थोडी उत्तरं आली. एकानं विचारलं, संध्याकाळी मशीन अडतं हा बग आहे का? दादा खो खो हसला.

दुसऱ्यानं मात्र नेमकं बोट ठेवलं. समजा, सगळ्याच प्लेयर्सचं दही संपलं, तर? मग हे मशीन कुणालाच, कधीच सुरू करता येणार नाही. डिझाईनच चुकलंय.

दादानं ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाला, "लिही. सगळ्यांचं एकदम संपत नसतं. कुणाकडे तरी असतंच. आपली फिरायची तयारी पाहिजे."

मी म्हटलं, "उद्या टाकते रे, पेपर तपासायचेत."

उद्या झालं, परवा झालं. मग शाळेचं स्नेहसंमेलन आलं. त्यानं दोनदा विचारलं, "चिमे, टाकलंस का उत्तर?"

"टाकते रे बाबा! कसली एवढी घाई आहे तुला?"

असं म्हणाले मी. त्याला.

आमच्याकडून काही उत्तर नाही म्हणून गेमवाल्यांनी ती सूचना बंद केली. आणि पुढच्याच आठवड्यात, कामावर जायला बूट घालायला म्हणून दादा खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

आज बारावा. उद्या तेरावा. वहिनीला त्याच्या पानावर त्याच्याच दह्याचा दहीभात ठेवायचाय. मी काय केलं ते तिला सांगितलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवस मी वेड्यासारखी फिरतेय. दादा कुणालाही विरजण द्यायचा, मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्या भरून भरून. समोरच्या काकूंनी मागच्या महिन्यात कढी केली, त्यात सगळं संपलं. कंपनीतल्या त्याच्या जोडीदाराची बायको बाळंतपणाला गेलीय, त्याचा फ्रिज रिकामा. दिंडोरीची मावसबहीण म्हणाली, "अगं, आम्ही आता पाकिटातलंच आणतो." पंचवटीत भाजीवाल्या मामांकडे गेले, तर ते म्हणाले, "बाई, ते लय दिवसांपूर्वीच संपलं."

प्रत्येक दारातून परत फिरताना मला तो साईटवरचा माणूस आठवतो. सगळ्यांचंच संपलं, तर?

नको रे देवा. एवढं नको करूस.

आईचं होतं ते. दादाचं होतं. माझ्या हातून गेलं.

म्हणून इथे लिहितेय. दादानं तुम्हाला कधीही विरजण दिलं असेल, आणि तुम्ही अजून ते रोज लावत असाल, तर मला चमचाभर द्या हो. पाया पडते तुमच्या. आंबट झालेलं चालेल. तुम्ही पुढे कुणाला दिलं असेल तर त्यांना विचारा. घोटी म्हणा, दिंडोरी म्हणा, म्हणाल तिथे स्कूटर काढून येते.

दिवेलागणी झाली म्हणून मात्र थांबू नका. आईचा नियम मोडल्याचं पाप माझ्या माथी.

दादा, तुझं उत्तर टाकलं रे. तिथे आता टाकता येत नाही, म्हणून इथे टाकलं. सगळ्यांचं एकदम संपत नसतं. कुणाकडे तरी असतंच.

तुझा शब्द खरा होऊ दे.

सुखानं जा, दादा. तुझा डबा मी पुसून, सुलटा करून ठेवलाय.

तुझी चिमी