नानांची पांढरी ज्योत

शिरपूर रस्त्यावरच्या सरकी तेलाच्या मिलमध्ये मी बॉयलर सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी धुराड्यातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा वर गेला आणि प्रदूषण मंडळाची नोटीस आली: फेरतपासणीत तो उतरला नाही, तर बॉयलरला सील. वाफ नाही तर मिल नाही, हे कळायला नोटीस लागत नाही. ऐन हंगामात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आणि सगळे माझ्याच तोंडाकडे बघू लागले.

हा वायू काळ्या धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही, हीच त्याची हरामखोरी. ज्योत जितकी पांढरी आणि तापट, हवा जितकी जास्त, तितका तो वाढतो. म्हणून मी हवेची झडप आवळली, धुराड्याकडे निघालेला थोडा धूर पाइपनं परत बर्नरकडे वळवला. ज्योत नरम, पिवळट झाली. आकडा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर! पुन्हा आवळलं, पुन्हा वर. आठवडाभर हेच. बर्नर उघडला, नोझल साफ केलं, मीटरला शिव्या घातल्या. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. देवपूरला घरी भरल्या ताटावरून उठलो, तेव्हा बायको म्हणाली, "बॉयलरशीच लग्न करायचं होतं." हसणं दूरच, रडायचा तेवढा बाकी होतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी तासभर आधीच पोचलो. बघतो तर सकाळपाळीचे आमचे जुने फायरमन, नाना, झडप दोन बोटं उघडत होते. मला बॉयलर शिकवला तो यांनीच. आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी ओरडलोच, "नाना, मिल बुडवायचीय का?"

नानांनी भट्टीच्या काचेकडे बोट दाखवलं. "ज्योत मरी ऱ्हायनी, भाऊ. हवा कमी पडनी का तेल मझार साचस, मंग एकदम भडकस. मन्हा धाकला भाऊ असाच गया."

एरंडोलकडे, कुठल्याशा कारखान्यातल्या जुन्या बॉयलरवर. इतकी वर्षं बरोबर काढून मला हे ठाऊक नव्हतं. जळणाचं तेल आता पूर्ण जळतं, आत साचत नाही, हे मी मीटर लावून दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. त्यांना सुटी द्यावी, तर त्या पाळीला परवाना असलेला दुसरा माणूस नाही, आणि मला तपासणीवाल्यांपाशी थांबायचं होतं. मी खरोखर त्यांचे पाय धरले. "उद्या तेवढा झडपेला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी तपासणीवाले धुराड्याला नळी लावून बसले. आकडा मर्यादेखाली आला आणि तिथंच राहिला, शेवटपर्यंत. त्यांनी कागदावर सही केली. मी आनंदानं ओरडतच भट्टीकडे धावलो.

नाना काचेसमोर उभे होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, नजर त्या पिवळट ज्योतीवर. उजवा हात त्यांनी रुमालानं खांबाला बांधून घेतला होता.

"हात आपेआप जास, भाऊ," ते म्हणाले.

गाठ सुटेना म्हणून मी रुमाल कापला. हात काळानिळा पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.