डाळिंबी रंगात लपवलेला साग

बारामतीत एस.टी. स्टँडच्या मागे माझ्या थोरल्या भावाचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पाटीवर टायपिंग, टॅली, इंग्लिश स्पीकिंग असं बरंच काही होतं, पण दुकान चालायचं ते लग्नपत्रिकांवर. पत्रिकांचा मजकूर मी जुळवायचे. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी मधे कुठेतरी अंग चोरून उभे असतात. बाकीचा कागद निमंत्रक, संयोजक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, मामा, आत्या, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बाळं आणि समस्त ग्रामस्थ यांचा. ज्याचं नाव राहिलं तो मांडवात येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. त्यामुळे दादाचा नियम एकच होता: अक्षर बारीक कर, पण नाव घाल. कऱ्हाटीच्या एका पत्रिकेत मी इतकं बारीक अक्षर केलं की लग्नाची तारीख विचारायला पाहुणे आमच्या दुकानात आले.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा दादाने इंटरनेट घेतलं. ते चालू असलं की दुकानाचा फोन बंद पडायचा, मग पत्रिकेची गिऱ्हाईकं स्वतः येऊन भांडायची. दादा त्यांना म्हणायचा, थांबा, जग जोडतोय.

त्याच सुमाराला कळंबचे चाचा आले. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला त्यांची डाळिंबाची रोपवाटिका होती. रोपं म्हणजे गुटी: चांगल्या झाडाच्या फांदीची साल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून पिशवीत लावायची. ती कुठल्या झाडाची हे बघून कुणाला कळत नाही, फळ धरल्यावरच कळतं. तोवर गिऱ्हाइकाजवळ असतो फक्त विकणाऱ्याचा शब्द. म्हणून चाचांची एक रीत होती. गिऱ्हाईक फाटकात आलं की काही बोलायच्या आधी ज्या झाडाची गुटी द्यायची त्याचं फळ फोडून हातावर ठेवायचं. “खाऊन बघा, मग न्या.” शेजारचं झाड थोडं आंबट असेल तर तेही सांगायचे, आणि त्याची गुटी मागितली तरी द्यायचे नाहीत.

अडचण अशी होती की हायवेला एक मोठी नर्सरी निघाली होती. तिथे वाटेल ती फांदी ‘कळंबची रोपं’ म्हणून विकली जायची. पुढे बागा आंबट निघाल्या की लोक शिव्या द्यायला कळंबला यायचे, आणि कळंबला चाचांशिवाय रोपं विकणारं दुसरं कुणी नव्हतं. दुबईतल्या जावयाने त्यांना सांगितलं, इंटरनेटवर स्वतःचं पान काढा, म्हणजे खरं कोण ते लोकांना कळेल.

चाचा दादाला म्हणाले, “माजं नाव माज्यापुरतं ऱ्हाऊ द्या. दुसरं काय नको.”

दादाने मान डोलावली आणि पान केलं. मागची जमीन डाळिंबी रंगाची, वर पांढरी अक्षरं, मधे एका फळाचा फोटो. तो फोटोही आमच्या मंडईतल्या फळाचा होता, कारण कळंबला जायला दादाला वेळ नव्हता. इथवर मी काही बोलले नाही. पण पुण्याच्या एका मित्राने त्याला एक युक्ती शिकवली होती. लोक इंटरनेटवर शब्द टाकून शोधतात, आणि शोधणारं मशीन ज्या पानावर तो शब्द असेल ते पान दाखवतं. शब्द जास्त, तर गिऱ्हाईक जास्त. दादाला हे ऐकताक्षणी पटलं. आयुष्यभर तो हेच तर करत आला होता. त्याने पानाच्या खाली इंग्रजीत सगळ्या झाडांची नावं घातली, आणि अक्षरांचा रंग जमिनीसारखाच डाळिंबी ठेवला. वाचणाऱ्याला काहीच दिसायचं नाही, मशीनला सगळं दिसायचं.

मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, “दिसतच न्हाय, तर खोटं कसं?”

मी म्हटलं, चाचांकडे साग नाही. तो म्हणाला, सागासाठी आलेला माणूस डाळिंब नेईल, लग्नाला आलेला माणूस जेवून जातोच की. मी हातातली पत्रिका आपटली आणि त्या दिवशी घरी जाताना त्याच्या स्कूटरवर बसले नाही. चालत गेले. त्याला वाटलं मला व्यायाम करायचा आहे.

पान चाललं, हे मान्य करायला हवं. ते शोधात पार वर आलं. दादा पत्रिकेच्या गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचा, आणि लोक कौतुकाने मान हलवून पत्रिका कधी मिळणार ते विचारायचे.

मग एक दिवस चाचा सकाळच्या एस.टी.ने आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पुण्याचे एक रिटायर्ड गृहस्थ गाडी घेऊन कळंबला गेले होते. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाने इंटरनेटवर शोधून सांगितलं होतं की सागाची रोपं इथे मिळतात. चाचा नाही म्हणाले, तेव्हा गृहस्थांनी हा छापलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत त्यांना लबाड म्हटलं. त्यांच्या आधीही असेच बरेच येऊन गेले होते.

मी कागद उलगडला. प्रिंटरने पानाची डाळिंबी जमीन छापलीच नव्हती. वरची पांढरी अक्षरं कागदात विरून गेली होती, लपवलेली मात्र सगळी छापली गेली होती. पांढऱ्या कागदावर ती लालभडक दिसत होती.

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, वाच पोरी. मी दादाकडे बघितलं. तो प्रिंटरचं झाकण उघडून आत काहीतरी शोधत होता.

“साग,” मी वाचलं.

“न्हाय,” चाचा म्हणाले.

“चंदन.”

“न्हाय.”

निलगिरी, हापूस, द्राक्ष, बोन्साय. प्रत्येकाला ते शांतपणे न्हाय म्हणत होते, फाटकात उभं राहून म्हणत असतील तसंच. मधेच एक सिनेनटी आली. का घातली ते दादालाच माहीत. चाचांनी क्षणभर विचार केला आणि तिलाही न्हाय म्हणाले.

शेवटी हायवेच्या नर्सरीचं नाव होतं, पुन्हा पुन्हा घातलेलं. तिला शोधणारे लोक चाचांकडे यावेत म्हणून. मी ते हळू आवाजात वाचलं. चाचांनी कागद स्वतःकडे ओढला. दादा म्हणाला, चाचा, ते माणसाला दिसत नाही, फक्त मशीनला दिसतं.

“मंजी मशीनला खोटं सांगितलं,” चाचा म्हणाले. “पर येत्यात ती माणसंच की.” मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, “ह्ये नाव पुसायला मी तुमच्याकडं आलो, आन तुमी त्ये माज्याच घरात लपवून ठिवलं.”

मला दादाचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त चाचांचं वाईट वाटलं. दादाने तिथल्या तिथे सगळी नावं काढून टाकली. पण मशीन एकदा वाचलेलं पान पुन्हा वाचायला सवडीने येतं, तोवर जुनंच दाखवत राहतं. चाचांनी उपाय सुचवला: साग नाही, चंदन नाही, असं ठळक लिहा. मला त्यांना सांगावं लागलं की मशीन फक्त साग आणि चंदन वाचेल, नाही त्याला समजणार नाही. त्यांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, असल्या अर्धवटाच्या भरवशावर माझं नाव सोपवलंत होय.

शिक्षाही त्यांनीच ठरवली. दर रविवारी दादाने कळंबला येऊन फाटकात बसायचं आणि येणाऱ्याला स्वतःच्या तोंडाने न्हाय म्हणायचं. दादा गेला. सोबत मीही जायचे, मदतीला येते असं सांगून, खरं तर बघायला. पहिल्या रविवारी मजा वाटली. दादा खुर्चीवर बसून लोकांना चंदन नसल्याचं सांगत होता आणि लोक त्याच्या अंगावर ओरडत होते.

दुसऱ्या रविवारी एक जोडपं आलं, जीप घेऊन, लांबून. रोपं वाटेत सुकू नयेत म्हणून त्यांनी ओली पोती आणली होती. चंदन हवं होतं. दादा उठून उभा राहिला आणि त्याने सरळ सांगितलं: चंदन नाही, ते मी लिहिलं होतं, यांचा त्यात काही संबंध नाही.

त्या माणसाने दादाकडे बघितलं, मग चाचांकडे. ओरडला नाही. साध्या आवाजात विचारलं, “मग डाळिंब तरी खरं आहे का?”

हा प्रश्न कुणी विचारूच नये म्हणून चाचा आधी फळ द्यायचे. त्या दिवशी फळ प्रश्नाच्या मागून आलं. त्यांनी ते फोडून अर्धं पुढे केलं. माणसाने हात पुढे केला नाही. त्याच्या बायकोने चार दाणे घेतले, गोड आहे म्हणाली, आणि ती दोघं जीपमध्ये जाऊन बसली. ओली पोती जीपच्या मागच्या बाजूला रिकामीच पडलेली होती. चाचा रस्त्याकडे बघत राहिले. इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी ते अर्धं फळ दादाच्या हातावर ठेवलं.

“खा,” ते म्हणाले. “तू तर न खाताच लिव्हलं हुतंस.”

दादाने उभ्या उभ्या ते शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं.